रुपयातले चार आणे

माझ्या मित्राच्या घरात एक गोष्ट आता तिसऱ्या पिढीकडे गेली आहे. मागच्या वर्षी त्याच्या नातीच्या लग्नाला दौंडला गेलो होतो, तेव्हा ती पुन्हा कानावर आली. नात आपल्या सासरच्या कुणाला तरी सांगत होती, "आमचे आजोबा फार हुशार होते. पण त्यांच्या वडिलांनी त्यांना पुढं शिकू दिलं नाही, रेल्वेत अडकवून टाकलं." मी ताट हातात धरून ऐकत राहिलो. तिनं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मानही हलवली.

ती गोष्ट खरी नाही. खरं काय ते माहीत असलेला आता मी एकटाच उरलो आहे.

साठच्या दशकातली हकीकत. मी शिरूरचा, मित्र दौंडचा. पुण्याच्या कॉमर्स कॉलेजात तो माझ्या एक वर्ष मागे होता आणि वसतिगृहात आमची खोली एक होती. आमची घोडनदीकाठी जमीन, वडिलांचा गावात शब्द चालायचा. त्याचे वडील रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. रमजान ईदला मी त्यांच्याकडे आणि संक्रांतीला तो आमच्याकडे, हे ठरलेलं.

त्या काळात परराज्यात व्यवसाय-व्यवस्थापन शिकवणारी एक नवी संस्था निघाली होती. देशभरातून मुलं अर्ज करत आणि त्यातली मूठभर घेतली जात. आधी लेखी परीक्षा, मग मुंबईला मुलाखत. तिथून बाहेर पडलेल्याला कंपन्या थेट साहेबाच्या खुर्चीत बसवतात, असं आमच्या प्राध्यापकांनी सांगितलं होतं.

पहिल्या वर्षी मी अर्ज केला. लेखी परीक्षा पास झालो. मुलाखतीला आम्हा काही जणांना एका टेबलाभोवती बसवलं आणि विचारलं, एका कारखान्याचा साबण खपत नाही, तुम्ही काय कराल? बाकीची मुलं बोलायला लागली, एकमेकांचं खोडायला लागली. मी इंग्रजी वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. तासाभरात मी एकच वाक्य बोललो आणि तेही दुसऱ्याला दुजोरा देणारं.

घरी येऊन वडिलांना सांगितलं, "तिथं साहेबलोकांचीच पोरं घेतात. आपल्याकडच्यांना विचारत नाहीत." वडिलांनी ते खरं मानलं आणि चावडीवर चार लोकांना सांगितलंही. माझी लाज झाकली गेली.

दुसऱ्या वर्षी मित्र लेखी परीक्षा पास झाला. मुलाखतीच्या तयारीसाठी तो शिरूरला आला. खळ्यावर ज्वारीच्या कणसांच्या ढिगाला टेकून आम्ही बसायचो. मी परीक्षक, तो उमेदवार.

"काय जमीनदार," तो म्हणायचा, "तिथं तू बोललास का नुसता नंदीबैलासारखा मान हलवून आलास?"

"तू आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. केडगावच्या व्यापाऱ्याचा गूळ पावसाळ्यात उठत नाही. काय करशील?"

"गूळ वाईट नसतोच रे. ढेप मोठी असते. दुकानदार ती फोडतो, आठवडाभर विकत बसतो, तोवर तिला पाणी सुटतं. लहान ढेपा कर, दोन दिवसांत संपतील अशा." मग थांबून म्हणाला, "पण आधी दुकानदाराला विचारीन. मी म्हणतो तसंच असेल कशावरून?"

हे त्यानं मराठीत सांगितलं आणि लगेच इंग्रजीतही. त्याचं इंग्रजी रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन मुलांबरोबर हॉकी खेळून तयार झालेलं, व्याकरणात कच्चं, पण न अडखळणारं. त्या क्षणी मला कळलं, हा जाणार. आणि पाठोपाठ दुसरंही कळलं. हा गेला, तर आपल्याकडच्यांना घेत नाहीत हे माझं बोलणं खोटं ठरणार. चावडीवर, घरात, वडिलांसमोर.

त्याच सुमारास चाचांच्या साहेबांनी मित्राला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनाची जागा देऊ केली. सोमवारपर्यंत होकार द्यायचा आणि लगेच सोलापूरला प्रशिक्षणाला जायचं. प्रशिक्षणात रजा नाही, म्हणजे मुलाखत बुडाली. जागा सोडली, तर पुन्हा मिळायची नाही. चाचांची नोकरी संपत आली होती आणि घरात मागे तीन मुली होत्या.

चाचा एक दिवस एकटेच आमच्या घरी आले. मित्र तेव्हा पुण्यात होता. चहा झाल्यावर म्हणाले, "चल, मला स्टँडपातूर सोडायला." एसटी लागलेली दिसली तेव्हा थांबले.

"तू तिथं जाऊन आलायस. आमच्यात दुसरं कुणी न्हाई गेलेलं. मला त्यातलं काय कळत न्हाई. पोरगं तर म्हणतंय हुईल. तू खरं सांग. रुपयात किती आणे समजू?"

"चाचा, असं कसं सांगणार?"

"अंदाज सांग की. बारा आणे आसंल तर मी नोकरीला न्हाई म्हणून सांगतो. बघून घिऊ पुढचं."

मी म्हणालो, "चार आणे."

"चारच?"

"चारच धरा."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं, सांगितलंस. मी इचारलं हे त्याला सांगू नको. दोस्ती हाय तुमची, तिला तडा नको." आणि ते एसटीत चढले.

इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे पिकाचा अंदाज आण्यांत करायची रीत होती. तिला आणेवारी म्हणत. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक. ती कमी लागली तर शेतसाऱ्यात सूट मिळे, म्हणून तलाठी विचारायला आला की पीक बारा आणे असलं तरी वडील सहा सांगत आणि तलाठीही ते मनात वाढवून घेई. नवरदेवाचं वय असो, बैलाची ताकद असो, आमच्या घरात कुठलाही अंदाज खालीच सांगायचा आणि ऐकणाऱ्यानं वर धरायचा. पुढे कैक वर्षं मी स्वतःला हेच समजावलं: मी आपल्या रीतीनं बोललो, चाचांनी ते शब्दशः घेतलं.

पण चाचांच्या घरी शेत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी सिग्नल पडला की गाडी काढली, नाही पडला की थांबवली. सांगितलेला आकडा ते मनात वाढवून घेणार नाहीत, हे मला चांगलं माहीत होतं.

मित्र सोलापूरला गेला. पुढे दौंडच्या मालधक्क्यावर लागला. मी सहकारी साखर कारखान्यात अधिकारी झालो, कारखान्याच्या कामानं दौंडला जायचो. तो पावत्या फाडता फाडता मला चहा पाजायचा, मस्करी करायचा. वडिलांशी मात्र त्याचं बोलणं कामापुरतं उरलं. घरात चाचा आले की तो उठून बाहेर जायचा. चाचा काही म्हणत नसत. त्यांच्या तोंडून एकदा जरी निघालं असतं, "मी तुझ्या मित्राला विचारलं होतं," तरी सगळं सरळ झालं असतं. त्यांनी ते कधी काढलं नाही. आमच्या दोस्तीला तडा जाऊ दिला नाही.

चाचांना मूठमाती देऊन परतताना मित्र माझ्याशेजारून चालत होता. म्हणाला, "माझ्या बापाला माझी किंमत कधी कळली नाही बघ." माझ्या हाताला अजून कबरीची माती होती. मी म्हणालो, "असू दे आता."

एवढंच म्हणालो. त्यानंतर तो बरीच वर्षं जगला. रोज सांगता आलं असतं.

चाचांनी स्टँडवर विचारलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलेला आकडा बारा होता.

म्हणून त्या घरातल्या मुलांना सांगणं आहे. ही गोष्ट पुढे सांगाल तेव्हा बदलून सांगा. तुमच्या पणजोबांनी मुलाला अडवलं नाही. ते एका दिवसाची रजा काढून, एसटीनं, शिरूरला विचारायला आले होते.