मी असलो की चालते

आमच्या ताईच्या दिरांइतका संशयी माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नाही. झाला असता तर त्यांनी त्याच्यावरही संशय घेतला असता. एसटीत बसले की गाडी आर्वीलाच जाते ना, हे ते आधी कंडक्टरला विचारत, मग ड्रायव्हरला, आणि दोघं संगनमत करू शकतात म्हणून शेवटी खिडकीतल्या म्हातारीला. एकदा माझ्याकडे जेवायला आले आणि पहिल्या घासालाच उठून पिपरी मेघेला परत गेले, कारण घराचं कुलूप ओढून पाहिल्याचं आठवत होतं, पण ते आजचं की कालचं याची खात्री नव्हती. ताई म्हणायची, "भाऊजीनं लग्नात मंगळसूत्राची गाठबी ओढून पाह्यली होती."

असा माणूस आमच्या कॉलेजात संगणक विभाग सांभाळत होता, हे कॉलेजचं भाग्य. दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट. मी तिथे गणित शिकवायचो आणि मोकळ्या तासाला त्यांच्या थंडगार खोलीत जाऊन बसायचो. खोलीत एक मोठा सर्व्हर होता आणि त्याच्या पोटात बरीच व्हर्च्युअल मशीनं, म्हणजे कम्प्युटरातले कम्प्युटर, नांदत होती. परीक्षेचं, ग्रंथालयाचं, फीचं. एका छपराखाली वेगळ्या चुली मांडलेल्या भावांसारखी. रोज दुपारी नेमक्या वेळी भारनियमनात वीज गेली की सर्व्हर बॅटरीवर येई, आणि बॅटरी दमायच्या आत ही मशीनं एकेक करून ठरलेल्या क्रमानं बंद करावी लागत. जनरेटर होता, पण तो प्राचार्यांच्या केबिनपुरता. हे काम ताईचे दीर रोज स्वतःच्या हातानं करत. मग स्वतःचं लॉगिन बंद करत, मॉनिटरवर फडकं टाकत, दार ओढून पाहत. "उघडा कम्प्युटर म्हणजे उघडी तिजोरी, मास्तर," असं मला बजावत.

मग त्यांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, आजार वाढला. फुप्फुसं निकामी होत चालली होती. घरी ऑक्सिजनचं मशीन आणलं, ते विजेवर चालायचं, आणि वीज कॉलेजात आणि पिपरीत एकाच वेळी जायची. तेवढा वेळ सिलिंडर लावायचा, पण त्याची चावी फिरवण्याइतकं बळ वहिनींच्या बोटांत उरलं नव्हतं. शेजारच्या काकू ते करत. काकूंनी चावी पुरती फिरवली असेल की नाही, या विचारानं हे इकडे कॉलेजात अर्धे होत. या वेळी त्यांच्या संशयाला कोणी हसलं नाही. म्हणून त्यांनी एक स्क्रिप्ट, म्हणजे कम्प्युटरनं ओळीनं पाळायच्या हुकमांची यादी, लिहायला घेतली. वीज जायच्या आधी मशीनं आपली आपण बंद व्हावीत आणि यांना घरी जाता यावं, एवढंच तिचं काम.

त्या स्क्रिप्टनं त्यांचा जीव खाल्ला. पडद्यावर लाल अक्षरं उमटली की ते ती मोठ्यानं वाचत आणि जाब विचारत. "मशीन सापडत नाई म्हणते. काऊन सापडत नाई? समोर तर बसून राह्यलं बाप्पा!" एकेक चूक निघत गेली आणि अखेर एक दिवस सगळी मशीनं शहाण्या मुलांसारखी झोपी गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्क्रिप्टला वेळ लावून दिली, लॉगिन बंद केलं, फडकं टाकलं, दार ओढलं आणि ते घरी गेले. त्या दुपारी स्क्रिप्ट चाललीच नाही. बॅटरी संपून सगळी मशीनं धाडकन मेली, परीक्षेचे गुण उडाले आणि प्राचार्यांनी नोटीस दिली. ते पुन्हा खुर्चीत बसून पाहू लागले, तर स्क्रिप्ट बिनबोभाट चाले. धीर करून घरी गेले की चालत नसे. "मी असलो की चालते, गेलो की मरते," ते म्हणाले. "काय बिघडवलं जी मी हिचं?" शिपायावर संशय घेऊन झाला, बॅटरीवाल्यावर झाला, आणि एक दिवस मलाही विचारलं, "मास्तर, काल दुपारी तुमी कुठं होते?" मी रागावलो नाही. त्यांचे डोळे सुजलेले दिसत होते.

आणि एका दुपारी काकूंचा फोन आला की वहिनींना श्वास घेता येईना. ते होते तसेच धावले. लॉगिन चालू, फडकं खुंटीला, दार सताड. दार लावायला म्हणून मी आत गेलो, तर वेळ होताच पडद्यावर ओळी सरकू लागल्या आणि मशीनं एकेक करून, क्रमानं बंद झाली.

वहिनी त्या दिवशी वाचल्या. दुसऱ्या दिवशी मी पाहिलेलं सांगितलं, तेव्हा ते थेट पडद्यासमोर जाऊन बसले. मग त्यांनी स्क्रिप्टचं सेटिंग उघडलं. त्यांचं लॉगिन चालू असेल तरच स्क्रिप्ट चालवायची, अशी खूण तिथे होती. म्हणजे निघताना ते स्वतःच, अगदी नियमानं, तिचा गळा दाबत होते. "सगळ्यायवर संशय घेतला," आपल्या हाताकडे पाहत ते म्हणाले, "हा एवढा राह्यला होता."

खूण बदलून ते घरी पोचले तेव्हा वहिनींनी विचारलं, "काऊन जी, कालेज बुडालं का?" "नाई," हे म्हणाले, "माह्याबिगर चालू राह्यलं." त्यावर वहिनी दम लागेपर्यंत हसल्या, असं भाऊजींनीच मला सांगितलं. अशा दुपारी दोघांना फार मिळाल्या नाहीत. पोळ्याच्या आसपास वहिनी गेल्या.

तेरवीनंतर ते कामावर आले. दुपारी मशीनं आपली आपण बंद झाली, वीज गेली, खोलीत उकडू लागलं, तरी हे बसूनच. मी म्हटलं, "भाऊजी, घरी जा, पडा थोडे."

"जायले आता काहीच अडत नाई, मास्तर," ते म्हणाले. "म्हणूनच पाय निघत नाई."

मला फार वाईट वाटलं. मी शेजारी खुर्ची ओढली, आणि वीज येईपर्यंत आम्ही दोघं त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो.