बाबांनी दगडाला दिलेला शब्द

परवा लिटिल इंडियातल्या दुकानात कुणीतरी धूप जाळला आणि मी मनाने थेट जॉर्डनमधल्या पेट्राला पोचले. याच धुपाच्या व्यापारावर तिथले नबातियन लोक एकेकाळी गब्बर झाले होते.

बाबांबरोबर मी तिथे गेले होते, तेव्हा कड्यावर खरडलेली अक्षरं दिसताच बाबा तापले. गडांवर नावं कोरणाऱ्यांना ते जन्मभर झापत आले होते.

गाइड हसला. “दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे,” म्हणाला. त्याने एक नाव वाचलं आणि पुढचा मजकूर सांगितला: ‘याची चांगली आठवण राहो.’

बाबा ओशाळले. मग टोपी काढून दगडाला म्हणाले, “राहील हो. काळजी करू नका.”

तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता धुपाच्या वासाने हसू फुटतं. ते नाव मी केव्हाच विसरले. चांगली आठवण राहिली, ती बाबांची.