आवाज कसा हाय, सूनबाई?

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, मोटारसायकलचे इंजिन घरीच उघडत, आणि उघडण्यापूर्वी त्याचा आवाज कसा येतो हे मला विचारत. तळोज्याच्या एका कारखान्यात, तापलेल्या लोखंडावर पडणाऱ्या यांत्रिक घणाशेजारी त्यांच्या उमेदीची वर्षे गेली आणि कानही तिथेच गेले. समोरच्याचे ओठ वाचून त्यांना शब्द कळत. पण इंजिनाला ओठ नसतात.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर लग्न होऊन मी कळंबोलीच्या त्या तळमजल्यावरच्या घरात आले. दारापुढच्या अरुंद फरशीवर गोणपाट अंथरलेले असे आणि त्यावर ती जुनी, जड, काळी मोटारसायकल उभी. रॉकेलचा उग्र वास, तापल्या तेलाचा जाडसर वास आणि स्वयंपाकघरातली फोडणी यांचे जे मिश्रण उंबरठ्यावर तरंगत असे, तेच माझ्यासाठी त्या घराचे पहिले दर्शन. अण्णांनी गाडी कधी गॅरेजात दिली नाही. "घरच्या माणसाची नाडी घरच्यानंच बघावी," असे ते म्हणत. नाडी बोटांनी कळते, ठोका मात्र कानांनी. आणि तिथे ते अडत.

"कविता शिकलीस म्हणं तू," पहिल्याच रविवारी त्यांनी गाडी सुरू करून विचारले. "मग सांग, आवाज कसा हाय, सूनबाई?"

मी जरा सावरून म्हणाले, "खोल डोहात दगड पडावा तसा."

अण्णा मोठ्याने हसले. "डोहात दगूड म्याबी टाकलाय. त्यो एकदाच वाजतो. हे सारखं वाजतंय का न्हाई?"

स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते फार मोठ्याने बोलत. आमच्या इंजिनाचे दुखणे अख्ख्या सोसायटीला ठाऊक असे. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून विचारत, "अण्णा, सून आणलीत की मेकॅनिक?" आणि आतून सासूबाई उत्तर देत, "मेकॅनिक असती तर माझी परात तरी वाचली असती! नटबोल्ट आंघोळ करतायत तिच्यात. मी कणीक काय टोपलीत मळू?"

एकदा कसल्याशा बारीक आवाजाला मी नवऱ्याच्या पेजरची उपमा दिली. अण्णांचा चेहरा कोराच राहिला. "पेजर म्या ऐकलाच न्हाई, बाई. कान गेल्यावर आला त्यो. माझ्या कानांनी ऐकलेलं सांग."

त्या वाक्याने मला थांबवले. त्यांच्यापाशी आवाज नव्हते असे नाही; साताऱ्याकडच्या गावातले, घणापूर्वीचे सगळे आवाज त्यांच्यापाशी जसेच्या तसे होते. मला तिथूनच वेचायचे होते. मग मी सासूबाईंना विचारविचारून ते गाव ऐकू लागले. व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट ढिले झाले की मी म्हणे, "सुपात हरभरे पाखडताहेत." चेन सैल पडली की, "रहाटाची साखळी उतरते आहे." अण्णांची मान हलायची आणि हात नेमक्या जागी जायचा. पुढे मी जे थोडेफार लिहिले त्याच्या प्रत्येक ओळीपाशी हा प्रश्न उभा राहिला: वाचणाऱ्याने हे कधी ऐकले असेल का?

पुढच्या वर्षी इंजिन ठोके देऊ लागले. सगळ्यांना ऐकू येईल इतके स्पष्ट. अविनाश, माझा नवरा, आधीच धास्तावलेला होता. वडिलांसमोर बसून, ओठ नीट दिसतील असे तो म्हणाला, "अण्णा, ट्रकचे हॉर्न तुम्हाला ऐकू येत नाहीत. दोन आरसे लावून किती भागणार? टेन्शन आम्हाला येतं. दसऱ्यापर्यंत हा आवाज गेला नाही, तर गाडी भंगारात."

"आन् गेला तर?"

"तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"ठरलं," अण्णा म्हणाले.

अण्णांना कामावर जायला बस होती. पण बसच्या रांगेत कोणीतरी काहीतरी विचारते, मग चारचौघांत कान पुढे करावा लागतो, आणि विचारणारा हसून तोंड फिरवतो. गाडीवर बसलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही. हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. सकाळी किक मारताना त्यांची पाठ ताठ होई, तेव्हा मला ते दिसे.

त्यांनी इंजिनाचे हेड उतरवले, काजळी खरवडली, व्हॉल्व्ह घासून बसवले आणि त्यांच्यामागे रॉकेल ओतून ते पाझरते का पाहिले. पिस्टनच्या रिंगा नव्या घातल्या. वारा तळोज्याच्या कारखान्यांकडून आला की डोळे चुरचुरत, तरी ते मान वर करत नसत. दसऱ्याआधी काही रविवार उरले असताना इंजिन जुळले. किक बसली. अण्णा माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागले.

ठोका होता. दबलेला, पण होता.

अविनाश त्यांच्या पाठीमागे उभा होता. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "गेला म्हण ना. त्यांना कुठे कळणार आहे?" सासूबाईही म्हणाल्या, "म्हण गं बाई. या काळजीतून सुटतील एकदाचे." दोघेही हे उघड बोलू शकत होते, कारण ज्यांच्याविषयी बोलत होते ते फक्त माझे ओठ पाहत होते. म्हणूनच मला त्या ओठांनी खोटे बोलता येईना.

"आहे, अण्णा," मी म्हणाले. "कमी झालाय. पण आहे."

त्यांनी डोळे मिटले नाहीत की सुस्कारा सोडला नाही. "कसा?"

मी इंजिनाजवळ वाकले. गरम झळ गालाला लागली. "दोघी बायका एका उखळात कांडताहेत. पण एकीचा हात हलका आहे."

अण्णांचा चेहरा उजळला. "दोन ठोकं? जोडीनं? आधी मोठा, मग ल्हान?"

"हो."

"मग वर हाय. गजन पिनंत!" त्यांनी इंजिन बंद केले आणि ते निवायची वाट पाहत, पाना हातात धरूनच बसले.

पिस्टनला दांड्याशी जोडणारी ती पिन, आणि तिच्याभोवतीची पितळी कड्यासारखी बुश घासून लंबगोल झालेली. तेलाच्या थराने पहिल्या वेळी तो ढिलेपणा बोटांपासून लपवला होता. तुर्भ्याच्या एका लेथवर त्यांनी नवी बुश कातून आणली. पुढच्या रविवारी किक बसली तेव्हा मी ऐकत राहिले.

"दोन्ही मुसळं थांबली, अण्णा."

"पुन्हा ऐक."

पुन्हा ऐकले. "थांबली."

अण्णा गाडीवर बसले आणि एक मोठा फेरा मारून आले. अविनाशने खरोखरच पुन्हा विषय काढला नाही.

काही वर्षांनी अण्णा निवृत्त झाले, आणि रोजचा रस्ताच उरला नाही म्हणून गाडी त्यांनी आपणहून एका तरुण सहकाऱ्याला दिली. "चालती दिली," एवढेच घरात सांगितले. तो न्यायला आला त्या सकाळी अण्णा रस्त्याकडे पाठ करून माझ्यासमोर उभे राहिले. "ऐकू यायची थांबली की हात वर कर."

गाडी वळणाआड गेली. लोखंडबाजाराच्या दिशेने तो आवाज बारीक होत गेला, एकसारखा, निरोगी. ट्रकांच्या घरघरीत तो हरवला आणि पुन्हा सापडला. अण्णा पापणी न हलवता माझ्याकडे पाहत होते. मग तो पुन्हा हरवला. मी वाट पाहिली.

मी हात वर केला.