अर्ध्या मिलिमीटरची कॅप

मामा माणूस ओळखायचे दातांवरून, चेहरा नंतर. घराणं मेंढपाळांचं. त्यांचे वडील बाजारात मेंढीचा ओठ उचलून तिचं वय सांगायचे, आणि मामा, आम्हा सगळ्यांचेच मामा, जालन्यातल्या आमच्या दातांच्या लॅबमध्ये उभं आयुष्य मेणातून दाताची कॅप घडवत आले. मी पिंपळगाव रेणुकाईची, घरातली पहिली पदवीधर. मी आले तेव्हा मेणाची जागा कॉम्प्युटरनं घेतली होती.

माउसला मामा हात लावत नसत. पण भट्टीतून निघालेली प्रत्येक कॅप मापाच्या चिमट्यात धरून तिची जाडी बघत. म्हणत, "मशीन बराबरच करतं माय. तू सांगशील ते बराबर करतं. मला भ्या त्याचंच हाये." मला राग यायचा. शिकलेली मी होते.

एका डॉक्टरांना समोरचा दात नाजूक हवा होता. मी कमीत कमी जाडीचा आकडा एक मिलिमीटरवरून अर्ध्यावर आणला आणि पुन्हा एकावर न्यायला विसरले. पुढच्या तीन दाढांच्या कॅप त्याच आकड्यावर निघाल्या. मामा नेमके सुट्टीवर.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी दोन मोजल्या. दोन्ही अर्ध्याच. "तिसरी कुठं हाये?"

"राजूरला गेली. अकराला बसवणार आहेत."

अकराला पाच मिनिटं कमी होती. राजूरची ती बाई मी कधी पाहिली नव्हती. पण भाकरीच्या घासासरशी कॅप फुटून तुकडा तिच्या घशात अडकलेला मला दिसत होता. मी फोन मामांपुढं सरकवला.

"मामा, तुम्ही करा ना फोन."

"आकडा कोनं टाकला?"

"मी."

"मंग."

दोनदा कुणी उचललाच नाही. तिसऱ्यांदा कंपाउंडर म्हणाला, "डॉक्टरसाहेब सिमेंट कालवून राह्यलेत." थांबवा म्हटलं. डॉक्टर फोनवर आले तेव्हा माझी चूक माझ्याच तोंडानं सांगितली. कॅप बसायची थांबली.

फोन ठेवला, तर मामांच्या हातातला चिमटा थरथरत होता.

"तुम्हालाही भीती वाटली?"

"मला रोजच वाटती. तुला आज वाटली."

पुढं ती थरथर थांबेना, तेव्हा मामा वडीगोद्रीला घरी गेले. जाण्याआधी स्वतःच्या दाढेची कॅप त्यांनी माझ्याकडून करून घेतली. मोजायला मात्र न्हाई म्हणाले. मी पाच वेळा मोजली.

अजून भेटायला जाते. मामा मुद्दाम त्याच बाजूनं फुटाणे चावतात. प्रत्येक कडकड आवाजाला माझी नजर त्यांच्या जबड्यावरच जाते.

"माय, मी इकडं वर हाये," ते म्हणतात.

मग मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघते.