पाठमोरे चावीकाका

तिजोरीचे कुलूप चावीकाकांच्या हाताला जितके वश, तितकीच त्यांची दृष्टी त्यांच्या स्वाधीन होती. तिजोऱ्या दुरुस्त करणाऱ्या कंपनीत त्यांची एकतीस वर्षे गेली. अडलेली कळ सुटल्याचा सूक्ष्म ध्वनी कानी पडला, की ते दार न ओढता उठत आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहत. "आता तुम्ही उघडा," एवढेच म्हणत. आत दागिने होते की जुनी पत्रे, हे त्यांनी कधी पाहिले नाही.

अशा व्रतस्थ माणसापुढे एके सकाळी एक फॉर्म आला. कंपनीचा फोन यापुढे सुट्टीच्या दिवशीही जवळ बाळगायचा. माणूस कुठे आहे, ते फोनच कार्यालयाला कळवील. शिवाय सुट्टी कशी घालवता, तेही लिहून द्यायचे. काकांनी नाव लिहिले, हुद्दा लिहिला. पुढची चौकट कोरीच राहिली, आणि सहीची जागाही.

कारण दर रविवारी ते बायकोकडे जात. दोघे वेगळे राहू लागल्याला बारा वर्षे झाली होती. भांडण केव्हाच शमले होते. एका छपराखाली नांदणे मात्र दोघांनाही मानवत नव्हते. ती चहा करी, ते पत्त्यांचा डाव मांडत. हे त्यांनी लेकीलाही सांगितले नव्हते.

वयाने लेकीएवढ्या असलेल्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतले.

"काका, लपवण्यासारखं काही आहे का?"

"लपवण्यासारखं नाही, साहेब. दाखवण्यासारखंही नाही."

"बाकी सगळ्यांनी सह्या केल्यात. तुम्ही अडून बसलात, तर गिऱ्हाइकाच्या घरी तुम्हाला पाठवता येणार नाही."

काकांनी आपल्या बोटांकडे पाहिले. त्या बोटांना दुसरे सुख ठाऊक नव्हते.

"तुमच्या वडिलांची तिजोरी अडली होती, तेव्हा मी कुठे उभा होतो?"

"भिंतीकडे तोंड करून," साहेब हळूच म्हणाले. "पण नियम वरून आलाय, काका."

"मग मला चाव्या कापायला बसवा."

सोमवारपासून काका कंपनीच्या दुकानाच्या कोपऱ्यात चाव्या कापू लागले. रविवारी फोन दुकानाच्या खणात ठेवून ते बायकोच्या दारात उभे राहिले.

"एवढा तिजोऱ्यांचा वैद्य, आणि चाव्या घासतोय," नवे काम ऐकून ती चहा ओतत म्हणाली. "काय पराक्रम केलात?"

"रविवारी कुठे असतो, ते सांगितलं नाही."

तिने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. मग पत्त्यांचा जोड पुढे सरकवला.

"वाटा आता. आणि माझ्या पानांत डोकावू नका."

"कधी डोकावलोय?"

पाने वाटून झाली. ती आपली लावून घेईपर्यंत काका भिंतीकडे पाहत बसले.