कात्रीवरचं कुंकू

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही — आणि तिला तर सगळं ठाऊकच आहे. मग उरलं कोण? तुम्ही. माझी पुस्तकं वाचणारे, पोस्टकार्डं पाठवणारे, पत्ता विचारत विचारत आमच्या गल्लीत शिरणारे. तुम्हाला सगळं जाणून घ्यायची हौस आहे ना? घ्या मग. पण जे मागत होता ते मिळणार नाही. दुसरंच मिळेल.

मी शिंपी आहे. बेंगळुरात चिकपेटेच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान, आजोबांपासूनचं. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर, वर एक खोली — झालं घर. शाळा कन्नड, तीही चौथीपर्यंत. मराठी अक्षरं वडिलांनी शिकवली, कापडावर खुणा करायच्या खडूनं, कोटाच्या काळ्या कापडावर. एक अक्षर काढायचं, झटकायचं, दुसरं काढायचं. माझं अक्षर अजून तसंच आहे, मोठं आणि तिरकं. साठी उलटल्यावर मी लिहायला लागलो. गिऱ्हाइकांच्या गोष्टी, मापांच्या गोष्टी, पाठीला बाक आलेल्या माणसाचा कोट कसा बेततात त्याच्या गोष्टी. इथल्या मराठी मंडळींच्या अंकात त्या आल्या, मग पुण्याच्या एकानं दोन पुस्तकं काढली. शिकलेल्या लोकांनी वाचली. मला त्याचा गर्व आहे. का नसावा?

पुस्तक निघालं की पत्रं येतात हे मला माहीत नव्हतं. आणि पत्रात पुस्तकाविषयी चार ओळी, बाकी सगळं माझ्याविषयी. तुम्हाला मूलबाळ का नाही? मटण खाता का? गुरू कोण? देव मानता का? — हे तर दर दुसऱ्या पोस्टकार्डावर. अरे, तुम्ही माझ्याकडे कपडे शिवायला येता तेव्हा मी तुमचं माप घेतो. शर्टाखाली जानवं आहे की नाही, कमरेला करगोटा आहे की नाही, ते माझ्या बोटांना कळतं. मी कधी विचारलं, का घातलंत म्हणून? पन्नास वर्षांत एकदासुद्धा नाही. आमच्या धंद्याची रीतच आहे ती. अंगाला हात लावायचा आणि तोंड मिटून ठेवायचं.

मीही तोंड मिटून ठेवायला हवं होतं. जमलं नाही — इथून माझं चुकत गेलं.

एका गृहस्थानं लागोपाठ पाच पत्रं पाठवली. देव मानता की नाही, एका शब्दात कळवा. कोर्टातला वकील उलटतपासणी घेतो तसं. मला राग आला. त्या रागात दुसऱ्या पुस्तकात मी एक वाक्य लिहिलं — 'माझ्या कात्रीला कधी कुंकू लागलं नाही; ती कापड कापते, तेवढं तिला पुरे.' लिहिलं आणि माझं मलाच आवडलं. वाक्य छान बेतलेलं होतं. फक्त खोटं होतं.

माझ्या कात्रीला दर वर्षी कुंकू लागत होतं. खंडेनवमीला — इथे आयुधपूजा म्हणतात — मशीन धुऊनपुसून, झेंडूची माळ घालून, कात्री, गज, इस्त्री पाटावर मांडून बायको पूजा करते. माझी आईही करायची. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेलं असतं, एक दिवस त्याचा. मशीनपुढे एक कोरा खण ठेवायचा. आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मशीनवर पहिलं काम त्या खणाचं — घरच्या बाईचं पोलकं. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, ते पोलकं झाल्याशिवाय त्याचा टाका पडायचा नाही. लग्न झाल्यापासून तेवढं एक पोलकं मी तिला न चुकता शिवून देत आलो. एरवी तिच्या कपड्यांकडे बघायला मला वेळ कुठला?

ही पूजा मी मानत होतो म्हणून चालायची का? की ती मानायची आणि मी नुसता शेजारी उभा राहायचो? ते सांगणार नाही. तेव्हा सांगितलं नाही, आता तर मुळीच नाही.

वाक्य मात्र गाजलं. माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ दिला, आणि भाषण करणाऱ्यानं तेच वाक्य दोनदा म्हणून दाखवलं. टाळ्या पडल्या. नारळ मी घरी आणला. कशाबद्दल दिला, बायकोनं विचारलं. तिला मराठी वाचता येत नाही, कन्नडच येतं. मी म्हटलं, पुस्तकाबद्दल. तिनं तो देवापुढे फोडला आणि खोबरं शेजारीपाजारी वाटलं. मीही खाल्लं.

आता त्या दिवसाचं सांगतो. सांगायलाच बसलोय.

नव्वद साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. जे. पी. नगरला राहणारे एक जण, पुण्याहून इकडे कॉम्प्युटरच्या कंपनीत आलेले. नाव लिहीत नाही. त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही. खंडेनवमीची सुट्टी बघून नवरा-बायको स्कूटरवरून आले, न कळवता. त्या दिवशी आमच्या गल्लीत दारोदार आत कुंकू भरून कोहळे फोडलेले असतात, कुंकवानं रस्ता लाल आणि निसरडा. त्यांची स्कूटर गल्लीच्या तोंडाशीच घसरली, पडता पडता वाचली, आणि त्यांनी आमचं घर विचारलं. समोरच्या भांडीवाल्यानं मला हाक मारली — अण्णा, तुमच्याकडे पुस्तकवाले आलेत, स्वल्प बाहेर या.

पूजा नुकतीच झाली होती. उदबत्ती जळत होती. कात्रीच्या दोन्ही पात्यांवर कुंकवाची बोटं होती, अजून ओली. बायको नैवेद्याची पोळी करायला आत गेली होती. स्कूटर उभी करून ते दारापर्यंत येईस्तोवर मला किती वेळ मिळाला असेल? दोन मिनिटं. दोन मिनिटांत माणूस काय काय करतो बघा. मशीनवर माळेसकट, खणासकट चादर टाकली. उदबत्ती चिमटीत विझवली. पाट टेबलाखाली सारला — पायानं. कात्री उचलली आणि चिंधीनं कुंकू पुसलं. सवाष्णीनं लावलेलं. तिच्या बोटाचा ठसा होता त्यात. खिळ्यापाशी थोडं अडकलं होतं, ते थुंकी लावून काढलं.

मग स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि कडी लावली. बाहेरून.

इथवर लिहून मी दोन दिवस थांबलो होतो.

ते आले, बसले. हीच का ती कात्री, म्हणाले, आणि दोन्ही हातांत घेतली — देवाची वस्तू घ्यावी तशी. एरवी मला हसू आलं असतं. त्यांच्या बायकोनं विचारलं, काकू कुठे आहेत, त्यांनाही भेटायचंय. आणि उठून सरळ आतल्या दाराकडे निघाली, आपल्याकडे बायका जातातच तशा. मी आडवा गेलो. दाराला पाठ लावून म्हटलं, "ती घरात नाही. येलहंक्याला बहिणीकडे गेलीय."

दार जुनं, फळ्यांत बोटभर फट. पलीकडे पोळी लाटल्याचा आवाज होता, तो थांबला. पाहुण्यांना तो शेजारचा वाटला असेल. मला माझ्या पाठीत कळला.

पुरणाचा वास येत होता. वा, कुणाकडे तरी पुरणपोळी आहे, पाहुणे म्हणाले. शेजारी, मी म्हटलं. मग करपल्याचा वास आला आणि थोड्या वेळानं गेला. तिनं आवाज न करता तवा उतरवला होता. तिनं दार वाजवलं नाही. खोकलीसुद्धा नाही. दीड तास.

आणि मी? मी बोलत होतो. माणसानं ताठ कसं जगावं, कुणाला का भ्यावं, असलं काहीबाही. फार छान बोललो त्या दिवशी. त्या बाईंनी तर वहीत उतरवून घेतलं.

निघताना त्यांनी कॅमेरा काढला. अण्णा, कात्री चालवताना एक फोटो, आणि कापलेला तुकडा आम्हाला आठवण म्हणून द्या. मी चादरीखाली हात घातला आणि लागलं ते कापड ओढलं. हिरवा खण, जरीच्या काठाचा. कोणता ते मला दिसलं. दिसलं नाही असं म्हणायची सोय नाही. मी कात्री चालवली, वीतभर तुकडा काढला, घडी करून त्यांच्या हातात दिला.

कापडातून कात्री जाते त्याचा आवाज तुम्हाला सांगून कळायचा नाही. शिंप्याच्या बायकोला तो भिंतीपलीकडून कळतो. आणि वर्षातल्या ज्या एका दिवशी तो व्हायचा नाही, त्या दिवशी?

ते गेल्यावर मी कडी काढली. ती पोळपाटाशी बसली होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाहेर आली, चादर काढली, माळ सरळ केली, पाट टेबलाखालून ओढून पदरानं पुसला, कात्री परत त्याच्यावर ठेवली. कुंकू लावलं नाही. मग नैवेद्य दाखवला. पोळी एका बाजूनं काळी होती.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, उरलेला खण तिनं माझ्यापुढे मशीनवर ठेवला. मी म्हटलं, हा पुरायचा नाही, दुसरा आणतो.

"हाच शिवा," ती म्हणाली. "मी घरात नसतेच की. मला कोण बघतंय?"

शिवला. काखेत जोड द्यावा लागला, दुसऱ्या हिरव्याचा, आणि रंग काही जुळला नाही. एवढं वाईट काम माझ्या हातून उभ्या जन्मात गेलेलं नाही. त्यानंतर तिनं मशीनपुढे खण ठेवला नाही, आणि कात्रीला कुंकूही लावलं नाही. मशीनला लावते, इस्त्रीला लावते, कात्री नुसती पाटावर असते. म्हणजे माझं वाक्य आता खरं झालं म्हणायचं — नाही का? दर दसऱ्याला ती तेच पोलकं घालते. देवळीत दिवा ठेवायला हात वर केला की जोड दिसतो. मी नजर वळवत नाही. बघतो.

माफी मी मागितलेली नाही. स्वभाव असा आहे. हे कारण म्हणून सांगत नाही, आहे ते सांगतो.

आता तुम्ही म्हणणार, म्हणजे अण्णा देव मानतात तर. दुसरा म्हणेल, छे, बायकोपुरतं असेल. म्हणा. न मानणाऱ्यानं कुंकू पुसलं की मानणाऱ्यानं भिऊन पुसलं, ते माझं मला माहीत आहे, आणि ते माझ्यापाशीच राहील. तुम्ही माझी पुस्तकं वाचता. चांगलं करता. म्हणून माझी देवळी तुमची झाली नाही. त्या दिवशी मला दुकानाच्या दारात उभं राहून म्हणता आलं असतं — आज पूजा आहे, बसा, चुरमुरे घ्या, आणि बाकीचं विचारू नका. जे. पी. नगरच्या त्या माणसाला कळलं असतं, भला होता. कुणाच्या तोंडावर दार लावायचंच होतं, तर रस्त्याकडचं होतं. मी आतलं लावलं.

दुसऱ्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. ते वाक्य मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत घालू, प्रकाशक म्हणाला. मी ते खोडलं. आतूनही खोडलं. त्या जागी हे छापा म्हणून कळवलं, छापायचं नसेल तर पुस्तकच काढू नका. बायकोचं नाव यात कुठे घातलेलं नाही. मी तिला विचारलेलं नाही. हे तिला वाचून दाखवीन की नाही, ते आमच्या दोघांतलं.

ज्यांच्याकडे तो हिरवा तुकडा आहे, त्यांनी तो ठेवावा. परत मागत नाही. त्या दिवशी माझी बायको घरात होती.