चौथ्या मिनिटाला अडकणारी सीडी

"पहले मेरी लगाओ, मग तुमचं चालू द्या," असं म्हणत चाचा सदऱ्याच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली सीडी काढायचे. मशीन दुरुस्तीला आलेलं असो की नवं कोरं, त्याची परीक्षा त्या सीडीवर.

नांदेडच्या जुन्या गावात त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात खुर्ची एकच, तीही गिऱ्हाइकाला. चाचांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चहासुद्धा ते येरझाऱ्या घालत प्यायचे.

सीडीत मुखेडचं, त्यांच्या पुतण्याचं लग्न होतं, चाचांनीच माइक लावून भरलेलं. बायका ढोलक घेऊन बसलेल्या आणि रिवाजाप्रमाणे एकेका पुरुषाची गाण्यातून फिरकी घेत असलेल्या. चाचींनी चाचांवर रचलेलं कडवं चौथ्या मिनिटाला यायचं आणि सीडी नेमकी तिथंच अडकायची. चाची आता नव्हत्या. त्यांचा आवाज दुसरीकडं कुठंच नव्हता. चाचांनी कम्प्युटरवाल्यांचेही उंबरे झिजवले होते.

"एक तरी मशीन असंल की मास्तर, जी तिला पार करंल!"

मास्तर म्हणजे मी. जन्मभर पोरांना ध्वनी शिकवला आणि निवृत्त झाल्यावर भारीतला सीडी प्लेअर घ्यायचं खूळ डोक्यात शिरलं. दोन महिने इंटरनेटवर वाचून मी 'आवाजाची खोली', 'वाद्यांमधली मोकळी जागा' असलं बोलायला लागलो. बायको म्हणाली, "मी कवापासून हाका मारून राहिले, त्याची खोली कळंना व्हय?"

लातूरच्या एका डॉक्टरांना दोन प्लेअर विकायचे होते. जाणकार म्हणून मी चाचांना सोबत नेलं.

पहिला प्लेअर देखणा, चांदीच्या ताटासारखा. त्यावर तंबोरा लागला आणि मला वाटलं, कुणीतरी शेजारी येऊन बसलं. मग चाचांची सीडी घातली. मशीननं ती दोनदा फिरवली आणि बाहेर काढून दिली.

"लई नकचढी हाय," चाचा म्हणाले.

दुसरा काळा, ट्रंकेएवढा जड. आवाज बरा. सीडी आत गेली. चाचा खिडकी ते दार, दार ते खिडकी. तिसरं मिनिट गेलं. चौथं लागलं. सीडी अडकली नाही.

"सारे गाँव का रेडिओ बोले, घर का रेडिओ गुंगा,
पूछो मेरे मियाँ से कोई, कब करते हो चंगा?"

बायका खिदळल्या आणि चाचा होते तिथंच फरशीवर बसले.

"बंद करा डॉक्टरसाब. आज इत्ता बस."

ते मोबाइलवर भरून घ्यावं, हे तिथल्या तीन शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही.

आता तुम्हीच सांगा, तुम्ही कोणता घेतला असता? मी पहिला घेतला. दुसऱ्यात वाद्यांमधली जागा कमी पडते म्हणालो. चाचा क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. "हौ मास्तर. तुमचे कान, तुमची पसंत." परतीच्या एसटीत खड्ड्यांचे धक्के बसू नयेत म्हणून माझा खोका नांदेडपर्यंत त्यांनी मांडीवर धरला. आणि मी वाटभर त्यांना आवाजाची खोली समजावली!

घरी तंबोरा काही दिवस गोड वाटला. मग तो लागला की चाचांचं ते बघणं आठवायचं आणि मीच उठून घरात येरझाऱ्या घालायचो. शेवटी डॉक्टरांना फोन केला. काळा प्लेअर अजून तिथंच होता. चांदीचं ताट परत करून तो घेऊन आलो आणि आनंदानं दुकानाकडं सुटलो.

शटर बंद होतं. शेजारचा शिंपी म्हणाला, "चाचा गुजरले की मास्तर. आठ दिस झाले."

महिन्यानं त्यांची मुलगी सीडी घेऊन माझ्या घरी आली. रुमाल तोच होता. ती, मी, माझी बायको, तिघं स्पीकरपुढं अगदी खेटून बसलो, एक शब्द सुटू नये म्हणून. चाची गायल्या. बायका खिदळल्या. लातूरला आम्ही इथंच थांबलो होतो. या वेळी सीडी पुढं चालली.

हशाच्या मागून चाचांचा आवाज आला, चिडका, घाईतला. "अगे, माइक के पास से पीछे हटो! कान फटते!"

आम्ही तिघंही मुकाट्यानं मागं सरकलो.